पाटी वाचा, मुंबई वाचा

मंडळी, आपण अक्षरे शिकलो. जोडाक्षरे शिकलो. अंकही शिकलो. आता ही विद्या वापरायची कुठे?

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा हाच प्रश्न निघाला. तात्या म्हणाले, "गुरुजी, आता फोनच बोलून सांगतो समदं. वाचायची गरज काय?"

तात्यांच्या बोलण्यावर सगळे हसले. आक्का मात्र हसल्या नाहीत. आक्का आमच्या वर्गातल्या सर्वांत वडील विद्यार्थिनी. वयाची सत्तरी आलेली. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि एक जुना, पिवळा पडलेला कागद आमच्या हाती दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"ह्यो वाचायला शिकायचं म्हणून मी साळंत आले, गुरुजी," त्या म्हणाल्या.

त्या कागदाची हकीकत अशी.

चिठ्ठीची हकीकत

आक्कांचे मालक मुंबईला गिरणीत होते. घाटावरचे आणि कोकणातले हजारो लोक तेव्हा गिरणीत काम करीत. एका खोलीत दहा-पंधरा जण राहत. पोटाला चिमटा घेऊन घरी मनीऑर्डर पाठवीत.

१९७८ साली आक्कांचे मालक फार आजारी पडले. गावचा एक माणूस मुंबईहून निरोप घेऊन आला. त्याला पुढच्या गावी जायचे होते. म्हणून त्याने मुंबईचा रस्ता एका चिठ्ठीत लिहून दिला. दिराने आक्कांना पुण्याला आगगाडीत बसवून दिले. कडेवर दीड वर्षाचा मुलगा आणि हातात चिठ्ठी. आक्कांना अक्षर येत नव्हते.

त्या दादरला उतरल्या. कोणी सांगितले, "समोरची गाडी बोरीबंदरला जाते, बसा." त्या बसल्या. गाडी भरधाव निघाली. ज्या स्टेशनावर उतरायचे ते डोळ्यांसमोरून निघून गेले. गाडी तिथे थांबलीच नाही. आक्का थेट बोरीबंदरला पोचल्या. तिथे ही गर्दी! एक जण म्हणे इकडे जा, दुसरा म्हणे तिकडे जा. कोणाला थांबायला वेळ नाही. त्या दुसऱ्याच गाडीत बसल्या, परत फिरल्या, पुन्हा चुकल्या.

ठिकाणावर पोचेपर्यंत दिवस मावळला. शेजाऱ्यांनी त्यांना इस्पितळात नेले, पण भेटीची वेळ संपली होती. मालक आत तापाने फणफणत होते आणि आक्का रात्रभर फाटकाबाहेर मुलाला मांडीवर घेऊन बसल्या.

मालक वाचले, ही देवाची कृपा. पण ती रात्र आक्का विसरल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या मुठीत समदं लिवल्यालं हुतं, गुरुजी. पर मला त्यो कागद कोराच."

ते ऐकून तात्यांनी मान खाली घातली.

आम्ही चिठ्ठी वाचली आणि घडी घालून आक्कांना परत दिली. त्यांना म्हटले, "आम्ही वाचून दाखवणार नाही. तुम्हीच वाचायची. आणि वाचायची ती मुंबईत!"

अशी आमची मुंबईची सहल ठरली. मागच्या थंडीत आम्ही अकरा जण निघालो. त्या सहलीचाच हा धडा आहे.

घाट उतरताना

पहाटे एसटीने पुणे गाठले. तिथून आगगाडी धरली. लोणावळा सोडल्यावर गाडी बोर घाट उतरू लागली. एक बोगदा गेला की दुसरा. एकीकडे डोंगर, दुसरीकडे खोल दरी.

आम्ही म्हणालो, "मंडळी, हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्या काळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. पहार, घण आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर हा कातळ फोडला. हजारो मजूर इथे राबले. पटकी आणि तापाने, कडे कोसळून, त्यांतले हजारो दगावले. त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत."

तात्यांनी खिडकीतून हात जोडले. मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

समुद्रातली सात बेटे

मुंबई आज महाराष्ट्राची राजधानी आहे. पण पूर्वी ती सलग जमीनसुद्धा नव्हती. समुद्रात सात बेटे होती. त्यांची नावे अशी: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मध्ये खाड्या आणि दलदल. तिथे कोळी लोक राहत. त्यांची देवी मुंबादेवी. तिच्यावरूनच शहराला मुंबई हे नाव पडले. देवीचे जुने देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होते. आताचे देऊळ झवेरी बाजाराजवळ आहे.

१५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून ही बेटे पोर्तुगिजांकडे गेली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरले, तेव्हा ती आंदणात दिली गेली. १६६८ साली इंग्रज राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. भाडे किती? वर्षाला दहा पौंड!

पुढे बेटे जोडण्याचे काम सुरू झाले. कुठे बांध घातला, कुठे टेकडी फोडून तिची माती-दगड खाडीत लोटले. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीच्या खिंडीला बांध पडला. भरतीचे पाणी आत शिरायचे थांबले. १८४५ च्या सुमारास सातांचे एक बेट झाले.

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र खाडी होती. लोक होडीने जात. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. तिथे रस्ता बांधायला सरकार पैसे देईना. तेव्हा आवाबाई जमशेटजी जीजीभाई या पारशी बाई पुढे आल्या. त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्यांची अट एकच. या रस्त्यावर कोणाकडूनही जकात घ्यायची नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. तोच माहीमचा कॉजवे. गरीब माणूसही त्यावरून फुकट जाऊ लागला.

"म्हंजे एका बाईनं मुंबईला वाट दिली म्हणायची!" आक्का म्हणाल्या.

बोरीबंदर

आमची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबली. आम्ही म्हणालो, "पाटी वाचा."

सगळे मोठ्याने वाचू लागले. "टर्मिनस" या शब्दाला तात्या अडखळले. टर्मिनस म्हणजे शेवटचे स्टेशन, जिथे रूळ संपतात. वर रफार आहे, तो आधी म्हणायचा. टर्-मि-नस.

याच जागेच्या आसपास बोरीबंदर होते. १६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी इथून पहिली उतारूंची आगगाडी ठाण्याला निघाली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती. चौदा डबे, चारशे पाहुणे. २१ तोफांची सलामी झाली. अंतर ३४ किलोमीटर. आपल्या देशात उतारूंना घेऊन नियमित धावणाऱ्या आगगाडीची ही सुरुवात. त्या आधी काही वर्षे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट केली होती.

इंग्रजांनी रेल्वे का आणली? देशावरचा कापूस आणि दुसरा माल लवकर बंदरात यावा, सैन्य लवकर हलवता यावे म्हणून. पण गाडी एकदा सुरू झाल्यावर आपली माणसेही तीत बसली. शेतकरी, कारागीर, यात्रेकरू, सगळेच बसले. घाटावरून कापूस आला, तसा कापूस विणणारा कामगारही आला. गिरण्या वाढल्या, शहर वाढले.

स्टेशनची ही भव्य इमारत १८७८ साली बांधायला घेतली. दहा वर्षे काम चालले. फ्रेडरिक स्टीव्हन्स याने तिचा आराखडा केला. दगडावरची फुले, पाने, पक्षी, माकडे ही बहुतेक मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी कोरली. फाटकावर एका बाजूला सिंह आहे, तो इंग्लंडचा. दुसऱ्या बाजूला वाघ आहे, तो आपला. इमारतीला आधी राणी व्हिक्टोरियाचे नाव होते. १९९६ साली शिवछत्रपतींचे नाव दिले. २००४ साली जगाच्या वारसा यादीत तिची नोंद झाली.

आक्का बराच वेळ खांबाला टेकून उभ्या होत्या. "हितंच मी रडत बसले हुते," त्या म्हणाल्या. "तवा ही वाघ-सिंव्ह काय बी दिसलं न्हाई."

हुतात्म्यांचा चौक

स्टेशनातून आम्ही पायी निघालो. दादाभाई नौरोजी मार्गाने सरळ गेले की हुतात्मा चौक लागतो. तिथे शेतकरी आणि कामगार यांचा पुतळा आहे. दोघांनी मिळून मशाल धरली आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर मराठी माणसांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई त्याची राजधानी व्हावी, अशी मागणी झाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या भागात मोर्चा आला. गोळीबार झाला. माणसे पडली. पुढे लढा वाढला आणि शंभराहून अधिक लोकांनी त्यात प्राण दिले. त्यांत पुष्कळ कामगार होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुंबई राजधानी झाली.

आम्ही एवढेच म्हणालो, "ही राजधानी आपल्याला आयती मिळालेली नाही."

याच चौकात काही वर्षांपूर्वी खोदकाम करताना जमिनीखाली लोखंडी रूळ सापडले. ते आगगाडीचे नव्हते. मग कशाचे? ते होते ट्रामचे.

ट्राम आली आणि गेली

ट्राम म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून चालणारी गाडी. रस्त्यावर टांगे, बैलगाड्या, माणसे, आणि त्यांच्यामधूनच ट्राम जाई.

मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. ती घोडे ओढीत. एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई. दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. सुरुवातीला भाडे तीन आणे होते आणि तिकीट देत नसत. गर्दी वाढली तेव्हा भाडे दोन आणे केले. मग फुकटे उतारू वाढले, म्हणून तिकिटे छापली. फुकट्यांचा हा धंदा जुनाच आहे!

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. डोक्यावरच्या तारेतून वीज घेऊन ती चाले. घोड्यांचे दिवस सरले. १९२० साली दुमजली ट्राम आली. गिरणीकामगार, कारकून, भाजीवाल्या, शाळेची पोरे, सगळी एकाच बाकावर बसत. तिकीट काढले की बसायला जागा. जात कोणी विचारीत नसे.

पुढे रस्त्यावर मोटारी वाढल्या. ट्राम बाजूला वळू शकत नाही, तिला रूळ सोडता येत नाही. तिच्यामागे वाहने खोळंबू लागली. बस मात्र कुठेही वळते. म्हणून एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते.

नावात गोष्ट असते

दुपारी एका झाडाखाली भाकरी सोडली. मग चालत पायधुणीला गेलो.

"पायधुणी म्हंजे पाय धुवायची जागा?" तात्यांनी विचारले.

अगदी बरोबर! पूर्वी इथे खाडीचे पाणी येई. ओहोटीला लोक चिखल तुडवीत पलीकडून येत आणि गावात शिरण्याआधी इथे पाय धूत. आज तिथे समुद्र दिसत नाही. सगळीकडे दुकाने आणि गर्दी. पण नाव अजून सांगते, इथे पाणी होते.

मुंबईची कितीतरी नावे अशी बोलकी आहेत. उमरखाडी या नावात खाडी आहे. डोंगरी या नावात डोंगर आहे. चिंचपोकळी या नावात चिंच आहे. चर्चगेट म्हणजे चर्चकडचा दरवाजा. पूर्वी इंग्रजांच्या किल्ल्याला तट होता. त्याच्या एका दरवाजाचे हे नाव. १८६० नंतर तट पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र स्टेशनाला राहिले. नाव वाचता आले की जुने गाव दिसू लागते.

लाल बस

पायधुणीहून आम्ही दादरकडे जाणारी बस धरली. ही बेस्टची बस. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. १९३७ साली दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी आठच दिवस, हा कारभार खाजगी कंपनीकडून नगरपालिकेकडे आला. ट्राम आणि बस शहराची झाली. जुन्या लाल दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये कायमच्या थांबल्या. आता काही दुमजली बस विजेवर चालतात. जुन्या गोष्टी जपण्यासाठी बेस्टने आणिक आगारात एक संग्रहालय केले आहे.

बेस्टच्या बसच्या कपाळावर मार्गाचा आकडा मराठीत लिहायची जुनी रीत आहे. आता दिव्यांच्या पाट्या आल्या, त्यांवरही मराठी अक्षरे येतात. आमच्या मंडळींना केवढा आनंद झाला! थांब्यावर प्रत्येक बस आली की सारे एकदम आकडा वाचत. शेजारचे लोक बघू लागले. बघोत!

आमची बस भायखळा, लालबाग, परळ अशी निघाली. वाटेत आम्ही गिरण्यांची धुराडी शोधली. पूर्वी इथे भोंगा झाला की माणसांचा लोंढा निघे. या भागाला गिरणगाव म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप फार लांबला. पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. आता तिथे उंच उंच इमारती आहेत. आक्कांचे मालक त्याच संपात गावी परत आले. मग मरेपर्यंत त्यांनी शेती केली. एक धुराडे दिसले, तेव्हा आक्का त्याच्याकडे मान वळवून पाहत राहिल्या.

दादरला उतरलो. "या चौकाला लोक दादर टी. टी. म्हणतात," आम्ही सांगितले. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामचे शेवटचे ठिकाण. ट्राम जाऊन साठ वर्षे झाली. नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

लोकल गाडी

दादर स्टेशनात पाऊल टाकले आणि माणसांचा पूर दिसला. मुंबईच्या लोकल गाड्यांतून रोज साठ लाखांहून अधिक लोक जातात. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी धावली. विजेवर चालणारी ती देशातली पहिली आगगाडी. १९९२ साली फक्त बायकांसाठी एक सबंध गाडी सुरू झाली. आता जमिनीखालूनही गाडी जाते. आरे ते कफ परेड असा ३३ किलोमीटरांहून लांब भुयारी मेट्रोचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा झाला.

फलाटावर डबेवाले दिसले. पांढरी टोपी, रिकाम्या डब्यांची लाकडी पाटी. हे लोक बहुतेक मावळ, मुळशी, खेड या भागातले. १८९० च्या सुमारास महादू बच्चे यांनी हे काम सुरू केले. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या खुणा असतात. डबा कुठल्या स्टेशनावरून आला, कुठे उतरवायचा, कुठल्या इमारतीत द्यायचा, हे सारे त्या खुणांत असते. पूर्वी त्यांच्यातल्या अनेकांना शाळा मिळाली नव्हती. पण डबा चुकत नसे. कारण खुणा वाचायला ते शिकले होते. वाचणे म्हणजे दुसरे काय? खूण ओळखायची आणि अर्थ लावायचा.

आम्ही मंडळींना आणखी एक पाटी वाचायला लावली. "रूळ ओलांडू नका." २०२४ या एका वर्षात मुंबईच्या लोकल मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. पूल चढायचा कंटाळा म्हणून जीव द्यायचा का? पाटी शोभेसाठी लावलेली नसते.

आक्का वाचतात

संध्याकाळचे चार वाजले. आम्ही आक्कांना म्हटले, "आता काढा चिठ्ठी."

आक्कांनी कागद उलगडला. चष्मा लावला. बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागल्या. आवाज थोडा कापत होता.

"दादरला... उतरणे. बोरी-बंदर-कडे... जाणाऱ्या... धी... धीम्या गाडीत बसणे. जलद गाडीत... बसू नये. पहिले स्टेशन परळ. दुसरे... करी रोड. तिथे उतरणे."

आक्का थांबल्या. पुन्हा एकदा त्यांनी वाचले. "जलद गाडीत बसू नये." मग हळूच म्हणाल्या, "लिवलं हुतं की त्यानं. सोप्पं लिवलं हुतं."

मंडळी, तुम्हाला ठाऊक असेल, नसेल. मुंबईत लोकल दोन प्रकारच्या. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. जलद गाडी मोठ्या स्टेशनांवरच थांबते, लहान स्टेशने सोडून जाते. करी रोडला ती थांबत नाही. गाडी कुठली, हे फलाटावरच्या फलकावर लिहिलेले असते. त्या दिवशी आक्कांची वाट एका शब्दाने चुकली होती.

तेवढ्यात तात्यांनी फोन काढला. गाडीची चौकशी करावी म्हणून. फोन सकाळपासून चित्रे काढून दमला होता. तो बंद! भोंग्यातून सूचना होत होती, पण गलक्यात काही कळेना. तात्या म्हणाले, "आता काय, गुरुजी?"

आक्का म्हणाल्या, "तात्या, वर बगा. फलकावर लिवलंय. धीमी. हीच आपली गाडी."

आम्ही फलक पाहिला. बरोबर होते. अकरा जण आक्कांच्या मागून गाडीत चढलो. गाडी निघाली. परळ आले. आक्कांनी पाटी वाचली. उठून दाराशी आल्या. पुढचे स्टेशन आले. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे. आक्कांनी मोठ्याने वाचले, "करी रोड."

आम्ही उतरलो. जुनी चाळ आता तिथे नाही. ते इस्पितळही आम्ही पाहायला गेलो नाही. पुलावर थोडा वेळ उभे राहिलो. आक्कांनी चिठ्ठीची घडी घातली आणि पदराला गाठ मारली.

"दादरहून हितं याला किती येळ लागला?" त्यांनी विचारले.

तात्यांनी घड्याळ पाहिले. "धा मिंटं बी न्हाई लागली, आक्का."

"धा मिंटं," आक्का म्हणाल्या. आणि काही बोलल्या नाहीत.

रात्रीच्या गाडीने आम्ही परत निघालो. घाटात सगळे झोपले. तात्या मात्र जागे होते. प्रत्येक स्टेशनची पाटी ते खिडकीतून वाचत होते. एकही चुकली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाला ते सर्वांच्या आधी येऊन बसले.

मंडळी, मुंबई फार मोठी आहे. तिथे माणूस हरवतो, असे म्हणतात. पण ज्याला पाटी वाचता येते, त्याला कोणाचे तोंड बघावे लागत नाही. आणि तुम्ही वाचाल ती पाटी फक्त रस्ता सांगणार नाही. ही वाट कोणी बांधली, इथे आधी काय होते, तेही सांगेल. आपल्या तालुक्याच्या स्टँडवरही पाट्या आहेत. उद्यापासून तिथूनच सुरुवात करा.

शब्दांचे अर्थ

आंदण – लग्नात मुलीबरोबर दिलेली देणगी
जकात – रस्त्यावर किंवा मालावर घेतलेला कर
उतारू – गाडीने प्रवास करणारा
फलाट – गाडीत चढण्या-उतरण्याचा ओटा
आगार – बसगाड्या ठेवण्याची जागा
धीमी – हळू जाणारी, सगळीकडे थांबणारी

प्रश्न

१. मुंबईची सात बेटे कोणती?
२. आवाबाईंनी पैसे देताना कोणती अट घातली? ती का घातली असेल?
३. पहिली आगगाडी कोठून कोठे गेली? कोणत्या साली?
४. ट्राम का बंद पडली?
५. धीमी गाडी आणि जलद गाडी यांत फरक काय?
६. आक्का रात्रभर फाटकाबाहेर का बसल्या?

करून पाहा

तुमच्या गावातल्या पाच जागांची नावे लिहा. ती नावे कशावरून पडली, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारा. जे कळेल ते वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. घरात एखादे जुने पत्र असेल, तर तेही स्वतः वाचा.